सिडनीच्या मैदानावरचे आपले फडकर



उन्हाळा आला की स्कोफिल्ड्समधल्या शनिवार सकाळचं चित्र ठरलेलं असतं. आठ वाजायच्या आत मैदानाबाहेर गाड्यांच्या डिक्या उघडतात, किटबॅगा बाहेर पडतात, भारतातून आलेल्या कुणाच्या तरी आजी घडीच्या खुर्चीवर उन्हासाठी डोक्यावरून पदर घेऊन बसतात आणि 'सनक्रीम लावलंस का?' या एकाच प्रश्नावर घराघरांत भांडण होतं. पोरं मैदानात गेली की आम्हा पालकांचा कट्टा सुरू. थर्मासमधला चहा, डब्यातला चिवडा आणि तोंडी लावायला दुसऱ्याच्या मुलाची बॅटिंग.

गेल्या मोसमात अशाच एका सकाळी आपल्यातल्याच एका अकरा वर्षांच्या मुलाला कुणीतरी विचारलं, "काय रे, तू बॅट्समन की बोलर?" तो म्हणाला, "ऑलराउंडर." त्यावर एक काका म्हणाले, "म्हणजे दोन्ही धड येत नाही, असं सांग की!" सगळे हसले, मुलगाही हसला. पण त्याचा चेहरा जरा उतरला, तो आम्ही पाहिला.

काकांनी मग सारवासारव केली आणि गाडी वळली ती जुन्या क्रिकेटकडे. सिडनीत नाव काढणारा आपला पहिला अष्टपैलू कोण? बहुतेकांनी रवी शास्त्रीचं नाव घेतलं. जानेवारी १९९२ मध्ये सिडनी क्रिकेट ग्राउंडवर त्याने २०६ धावा काढल्या, ऑस्ट्रेलियात भारतीयाने केलेलं ते पहिलं कसोटी द्विशतक. शेन वॉर्न नावाचा एक गुबगुबीत मुलगा त्या सामन्यात पहिल्यांदा खेळला. त्याने दीडशे धावा मोजून एकच बळी घेतला, आणि तो बळीही शास्त्रीचाच. सचिनचं नाबाद १४८ त्याच डावातलं. हे सगळं आपल्यातल्या अनेकांनी पहाटे उठून टीव्हीवर पाहिलेलं, त्यामुळे प्रत्येकाकडे एकेक आठवण होती. मग शास्त्री मराठी धरायचा की मुंबईकर, यावर पंधरा मिनिटं गेली. (उत्तर मिळालं नाही. कधी मिळतही नाही.)

तेवढ्यात नातवाचा खेळ बघायला आलेले कोल्हापूरचे एक आजोबा, जे तोवर गप्प बसून चिवड्यातले शेंगदाणे वेचत होते, ते एवढंच म्हणाले, "आणि आमचे दत्तू फडकर?"

खरं सांगायचं तर आमच्यापैकी दोघांनी ते नाव ऐकलं होतं, बाकीच्यांनी तेही नाही. थोडी शरम वाटली. कारण फडकरांची कसोटी कारकीर्द सुरू झाली ती आपल्या सिडनीत, आपण तिकीट काढून ज्या मैदानावर जातो त्याच मैदानावर. म्हणून या अंकात नेहमीची पाककृती आणि भिशीची यादी जरा मागे सारून फडकरांबद्दल लिहितो आहोत.

दत्तात्रय गजानन फडकर यांचा जन्म डिसेंबर १९२५ चा, कोल्हापूरचा. कोल्हापूर म्हटलं की तालीम आणि कुस्ती आठवते, पण त्या संस्थानी गावाने क्रिकेटलाही मोठी माणसं दिली. भाऊसाहेब निंबाळकर तिथलेच. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याला काठेवाडविरुद्ध ते नाबाद ४४३ वर पोचले होते, ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर आला होता, आणि काठेवाडच्या संघाने पुढे खेळायचंच नाकारलं! निंबाळकरांना अधिकृत कसोटी एकही मिळाली नाही. त्या मानाने फडकर नशीबवान म्हणायचे. ते आधी महाराष्ट्राकडून खेळले, मग मुंबईकडून, आणि पुढे बंगाल व रेल्वेकडून. नोकरी, गाव आणि संघ बदलत जाणं हे आपल्या मंडळींना नवीन नाही.

आता १९४७ साल डोळ्यांसमोर आणा. स्वतंत्र भारताचा पहिला परदेश दौरा, आणि तोही ऑस्ट्रेलियाचा. समोर डॉन ब्रॅडमन, लिंडवॉल, मिलर. कप्तान म्हणून विजय मर्चंट यायचे होते, प्रकृतीमुळे ते आले नाहीत. रुसी मोदी नाहीत, मुश्ताक अली नाहीत. लाला अमरनाथांकडे कप्तानी आली. आणि फजल महमूद नाहीत. ही शेवटची गोष्ट फडकरांच्या आयुष्यात फार महत्त्वाची ठरली, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

फजल लाहोरचे वेगवान गोलंदाज, वय वीस. या दौऱ्यासाठी त्यांची भारतीय संघात निवड झाली होती. ऑगस्ट १९४७ मध्ये पुण्याला सराव शिबिर होतं, त्याला ते आले. पुण्यातला ऑगस्ट कसा असतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. पावसाने शिबिर धुऊन काढलं. त्याच दिवसांत देशाचे दोन भाग झाले आणि पंजाब पेटला. पुण्याहून मुंबईला जाताना आगगाडीत काही लोक आपल्यावर चालून आले आणि सोबत असलेल्या सी. के. नायडूंनी बॅट हातात घेऊन आपल्याला वाचवलं, असं फजलनी पुढे सांगितलं. मुंबईहून ते कराचीला आणि तिथून लाहोरला गेले आणि परत आले नाहीत. पुढे ते पाकिस्तानचे सगळ्यात मोठे गोलंदाज झाले, १९५४ मध्ये ओव्हलवर इंग्लंडचे बारा बळी घेऊन त्यांनी सामना जिंकून दिला. तो भाग वेगळा. आपल्या संघाला मात्र नवा चेंडू टाकायला माणूस उरला नाही. महंमद निसार कधीच थांबले होते, अमरसिंग १९४० मध्येच वारले होते.

मग नवा चेंडू कुणी टाकायचा? ज्याला बऱ्यापैकी टाकता येतो त्याने. फडकरांना बऱ्यापैकी टाकता येत होता. मूळचे ते फलंदाज, सरळ बॅटने देखणे फटके मारणारे. पण चेंडू दोन्हीकडे हलवता यायचा, मधूनच एखादा अंगावर उसळायचा, आणि हाक आली की नाही म्हणायचं नाही हा स्वभाव. पुढची अकरा वर्षं त्यांनी हे काम केलं.

दौऱ्यावर आलेल्या संघात आपली मराठी माणसं बरीच होती, तीही पाहून ठेवा: विजय हजारे, हेमू अधिकारी, चंदू सरवटे, खंडू रांगणेकर, रंगा सोहोनी आणि फडकर. आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीएवढी!

आणि हीही गोष्ट ध्यानात ठेवा, की तेव्हाच्या ऑस्ट्रेलियात तुम्हाआम्हाला राहायला येणं जवळजवळ अशक्य होतं. १९०१ च्या कायद्याने गोऱ्यांखेरीज इतरांना दार बंद होतं, ते १९६६ नंतर किलकिलं झालं आणि १९७३ मध्ये पुरतं उघडलं. म्हणजे आपले खेळाडू पाहुणे म्हणून आले, टाळ्या घेतल्या आणि गेले. त्या वेळचं आपलं स्कोफिल्ड्स म्हणजे शेतं, एक रेल्वे स्टेशन आणि महायुद्धात बांधलेली विमानांची धावपट्टी. त्या धावपट्टीच्या जागी आज निरिंबाची कॉलेजं आहेत, जिथे आपली पोरं शिकायला जातात.

सिडनीला संघ आधी नोव्हेंबरात येऊन गेला होता. १५ नोव्हेंबर १९४७ ला ऑस्ट्रेलियन इलेव्हनकडून खेळताना ब्रॅडमननी इथेच आपलं शंभरावं शतक पूर्ण केलं. ९९ वर असताना अमरनाथांनी चेंडू दिला तो गोगुमल किशनचंदच्या हातात, ज्याने दौऱ्यात तोवर एकही षटक टाकलं नव्हतं. ब्रॅडमनसुद्धा जरा बिचकले म्हणतात. तो सामना मात्र आपण ४७ धावांनी जिंकला, विनू मंकडनी दुसऱ्या डावात आठ बळी घेतले. ब्रिस्बेनच्या पहिल्या कसोटीत हिशेब उलटा झाला. पाऊस पडून ओल्या झालेल्या खेळपट्टीवर (तेव्हा खेळपट्टी झाकत नसत) आपण ५८ आणि ९८ धावांत बाद. तोशॅकने पहिल्या डावात दोन धावांत पाच बळी घेतले. हे वाचून हसू नका, आकडे खरे आहेत.

अशा अवस्थेत १२ डिसेंबर १९४७ ला सिडनीची दुसरी कसोटी सुरू झाली आणि फडकरांना संघात घेतलं. त्याच आठवड्यात ते बावीस वर्षांचे झाले होते. पुन्हा पाऊस, पुन्हा ओली खेळपट्टी. भारताचा डाव गडगडत असताना हा मुलगा खाली फलंदाजीला आला आणि किशनचंदच्या साथीने उभा राहिला. किशनचंद ४४, फडकर ५१. भारत सर्वबाद १८८. आज १८८ म्हणजे वीस षटकांचा धावफलक वाटतो, पण त्या मैदानावर तो डोंगर होता हे ऑस्ट्रेलियाचा डाव सुरू झाल्यावर कळलं. ब्रॅडमन, हॅसेट, मिलर असलेला तो संघ १०७ धावांत गुंडाळला. ब्रॅडमन १३ वर त्रिफळाचित, गोलंदाज सांगलीचे हजारे. हजारेंनी २९ धावांत ४ बळी घेतले, आणि फडकरांनी १४ धावांत ३.

पहिल्या कसोटीत अर्धशतक आणि चौदा धावांत तीन बळी! सहा दिवसांच्या त्या सामन्यात पावसाने खेळ इतका थोडा होऊ दिला की निकाल लागला नाही. दुसऱ्या डावात आपण ७ बाद ६१ होतो, तेव्हा पावसाने आपल्यालाही वाचवलं हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

पण गंमत अशी, की त्या सामन्याचं नाव निघालं की फडकर कुणाला आठवत नाहीत. आठवतो तो १३ डिसेंबरचा एक क्षण. चेंडू टाकायच्या आधीच क्रीज सोडून पुढे गेलेल्या बिल ब्राउनना मंकडनी गोलंदाजीच्या टोकाला धावचीत केलं. याच ब्राउनना नोव्हेंबरातल्या सामन्यात मंकडनी आधी बजावलं होतं आणि मग तसंच बाद केलं होतं. वर्तमानपत्रांनी गदारोळ केला, मंकडांच्या नावाचं क्रियापदच झालं. ब्रॅडमननी मात्र आपल्या पुस्तकात मंकडांचीच बाजू घेतली. २०२२ मध्ये क्रिकेटच्या नियमांत तो प्रकार 'अयोग्य खेळा'च्या कलमातून काढून साध्या धावचीतच्या कलमात घातला. पंचाहत्तर वर्षं लागली! मुलांना मैदानावर कुणी यावरून टोमणा मारला तर त्यांना हे सांगता यावं, म्हणून इथे लिहून ठेवलं.

फडकर एका सामन्याचे धनी ठरले नाहीत. नव्या वर्षी मेलबर्नला मंकडांच्या ११६ च्या सोबत त्यांचे नाबाद ५५. मग जानेवारीच्या शेवटी ॲडलेड. ऑस्ट्रेलियाने ६७४ धावा केल्या, त्यात ब्रॅडमन २०१, हॅसेट नाबाद १९८, बार्न्स ११२. दोन दिवस उन्हात क्षेत्ररक्षण करून आपले लोक फलंदाजीला आले आणि पाच बाद १३३ झाले. तिथून हजारे आणि फडकर यांनी १८८ धावांची भागीदारी केली. सांगलीचा एक, कोल्हापूरचा एक. मधलं अंतर एसटीने तासा-दीड तासाचं. हजारे ११६, फडकर १२३. दुसऱ्या डावात लिंडवॉलने ३८ धावांत ७ बळी घेऊन दाणादाण उडवली, तरी हजारेंनी १४५ काढल्या. एका कसोटीत दोन शतकं करणारे ते पहिले भारतीय. सामना आपण एक डाव आणि १६ धावांनी हरलो. सोळा धावांनी! शाळेतल्या मार्कांसारखं झालं, थोडक्यात गेलं पण गेलं.

तो सामना २८ जानेवारीला संपला. दोन दिवसांनी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. संघ इथे, घर सात समुद्रांपलीकडे. परदेशात असताना मायदेशाहून वाईट बातमी येते तेव्हा माणसाचं काय होतं ते आपल्याकडे प्रत्येक घराला ठाऊक आहे, आणि आपल्याकडे निदान फोन आहे. ६ फेब्रुवारीला मेलबर्नला शेवटची कसोटी सुरू झाली. फडकर नाबाद ५६. सामना एक डाव आणि १७७ धावांनी गेला, मालिका ४-० अशी गेली.

चार कसोट्या आणि चारही कसोट्यांत एकदा तरी पन्नासच्या वर. मालिकेत ३१४ धावा, सरासरी ५२.३३, भारताच्या फलंदाजांत सगळ्यात वरची. धावा हजारेंच्या जास्त, ४२९. शिवाय नव्या चेंडूने ८ बळी. तिकडे ब्रॅडमनच्या ७१५ धावा झाल्या, तेव्हा समोर चेंडू टाकणाऱ्यांचे काय हाल झाले असतील ते समजून घ्या. ऑस्ट्रेलियात तेव्हा षटक आठ चेंडूंचं असे, तेही विसरू नका.

पुढचं वर्ष फडकरांचं आणखी मोठं. वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला. मद्रासला पाहुण्यांची पहिलीच जोडी दोनशेच्या पार गेली, डाव ५८२ पर्यंत पोचला, आणि त्यात फडकरांनी १५९ धावांत ७ बळी घेतले. कसोटीतली ही त्यांची सर्वोत्तम कामगिरी, आणि सामना आपण डावाने हरलो. मग मुंबईची कसोटी, फेब्रुवारी १९४९, ब्रेबॉर्न स्टेडियम. जिंकायला ३६१ हव्या होत्या. हजारे १२२, मोदी ८६, आणि शेवटी फडकर किल्ला लढवत होते. आठ बाद ३५५ झाले, सहा धावा हव्या होत्या, फडकर ३७ वर नाबाद, आणि घड्याळात थोडा वेळ शिल्लक असताना पंचांनी बेल्स उडवल्या. भारताने तोवर एकही कसोटी जिंकली नव्हती. तो पहिला विजय सहा धावांवरून निघून गेला आणि नंतर तीन वर्षं आला नाही. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला इंग्लंडला डावाने हरवलं तेव्हा आला. त्या डावात रॉय आणि उम्रीगर यांची शतकं, मंकडांचे बळी ५५ धावांत ८, आणि फडकरांचे ६१. विजयाच्या फोटोत ते आहेत, पण कडेला.

मार्च १९४९ मधली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुण्याला मुंबई विरुद्ध महाराष्ट्र असा रणजी उपांत्य सामना झाला. दोन्ही संघांनी मिळून २३७६ धावा केल्या. नऊ शतकं. त्यांतली दोन फडकरांची, १३१ आणि १६०, मुंबईकडून, महाराष्ट्राविरुद्ध! मुंबई ३५४ धावांनी जिंकली. हरलेल्या संघाने दोन डावांत मिळून १०११ धावा केल्या होत्या. पुणेकर वाचकांनी यावर पत्रं पाठवू नयेत, जागा नाही.

१९५२ च्या जूनमध्ये इंग्लंडमध्ये लीड्सला जे झालं ते मात्र कुणाला विसरता येत नाही. दुसऱ्या डावात भारत शून्यावर चार बाद. फ्रेड ट्रूमन नावाचा नवा गोलंदाज, आणि धावफलकावर भोपळा. पंकज रॉय, दत्ता गायकवाड, माधव मंत्री, विजय मांजरेकर, चौघेही शून्य. त्यांतले तिघे आपले, हे कबूल केलं पाहिजे. (मांजरेकरांनी पहिल्या डावात १३३ केल्या होत्या, हेही त्याच दमात सांगितलं पाहिजे. मंत्री म्हणजे सुनील गावस्करचे मामा.) मग २६ वर पाच बाद. आणि पुन्हा तीच जोडी, हजारे आणि फडकर. हजारे ५६, फडकर ६४, भागीदारी १०५. सामना गेलाच, पण दिवस अब्रूनिशी संपला. ॲडलेडला पाच बाद १३३, लीड्सला पाच बाद २६; फडकरांचा डाव सुरू व्हायची वेळ साधारण अशीच असे.

फडकर ३१ कसोट्या खेळले. १२२९ धावा, सरासरी ३२.३४, शतकं दोन. ॲडलेडचं एक आणि १९५१-५२ मध्ये कलकत्त्याला इंग्लंडविरुद्ध ११५ चं दुसरं. बळी ६२, सरासरी ३६.८५. त्यांच्या पिढीत हजार धावा आणि पन्नास बळी हे दोन्ही आकडे ओलांडणारे भारतात मंकड सोडले तर तेच.

आकड्यांवरून माणूस थोर की मध्यम, यावर आमच्यातच दोन तट पडले. एकाचं म्हणणं, छत्तीसची सरासरी म्हणजे साधारणच गोलंदाज. आम्हा बाकीच्यांना हे पटलं नाही. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्याच फडकरांनी साडेचारशेहून अधिक बळी घेतले ते बावीसच्या सरासरीने. मग कसोटीत छत्तीस का? कारण दुसऱ्या टोकाला बरोबरीचा वेगवान गोलंदाज नव्हता. भारतातल्या संथ खेळपट्ट्यांवर नव्या चेंडूचं काम म्हणजे चकाकी घालवून मंकड आणि गुलाम अहमद यांच्या हाती जुना चेंडू देणं. म्हणजे पाटावर पाणी ठेवून, पानं मांडून द्यायची, आणि जेवायला बसायचे दुसरेच. आणि ते झाल्यावर पाचव्या-सहाव्या क्रमांकावर, बहुधा पडझड झाल्यावर, पॅड बांधून उभं राहायचं. पहिल्या मालिकेत ५२ ची सरासरी असलेला फलंदाज पुढे ३२ वर आला तो त्यामुळे, असं आमचं मत. फजल महमूद आपल्याकडून खेळले असते तर फडकर निव्वळ फलंदाज म्हणून किती पुढे गेले असते, हा हिशेब फाळणीच्या कुठल्याच वहीत मांडलेला नाही.

शेवटची कसोटीही तशीच गेली. ३१ डिसेंबर १९५८ ला कलकत्त्याला सुरू झालेला वेस्ट इंडीजचा सामना. रोहन कन्हायने २५६ काढल्या, आपण एक डाव आणि ३३६ धावांनी हरलो. तेहतीस वर्षांचे फडकर त्यानंतर कसोटी खेळले नाहीत. मार्च १९८५ मध्ये मद्रासला ते वारले, साठी गाठायच्या आत. त्याच महिन्यात मेलबर्नला भारताने वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली आणि शास्त्रीला ऑडी गाडी मिळाली. आपल्या घराघरांत त्या गाडीवरची सगळी टीम आठवते. फडकर गेल्याची बातमी वाचल्याचं मात्र आमच्यात एकालाही आठवेना.

हे सगळं गोळा झाल्यावर आम्ही चारपाचजण मुलांना घेऊन एका रविवारी सिडनी क्रिकेट ग्राउंड बघायला गेलो. स्कोफिल्ड्सहून गाडीत बसलं की सेंट्रलला उतरेपर्यंत जवळजवळ तास जातो, पुढे ट्राम. जुनं फारसं उरलेलं नाही. जिथून प्रेक्षक आरडाओरडा करायचे ती गवताची 'हिल' गेली, तिथे खुर्च्या आल्या. पण मेंबर्स पॅव्हेलियन १८८६ चं आहे आणि लेडीज पॅव्हेलियन १८९६ चं, दोन्ही हिरव्या छपरांची, तशीच उभी. फडकर बॅट घेऊन पायऱ्या उतरले त्या याच. मुलांना फडकरांपेक्षा जडेजात रस होता, ते साहजिक आहे. जानेवारी २०२१ ची कसोटी त्यांना पाठ. जडेजाने पहिल्या डावात चार बळी घेतले, स्मिथला थेट फेकीने धावचीत केलं, मग स्टार्कच्या चेंडूने अंगठा निखळला, आणि तरी शेवटच्या दिवशी इंजेक्शन घेऊन, पॅड बांधून तो बसून राहिला, गरज पडली तर उतरायला. विहारी आणि अश्विन यांनी त्याची गरज पडू दिली नाही.

तो अकरा वर्षांचा मुलगाही आला होता. त्याला आम्ही १९४७ च्या सिडनी कसोटीचा धावफलक कागदावर उतरवून दिला होता. तो कागद त्याने घडी घालून टोपीत ठेवला. परतीच्या प्रवासात पॅरामॅटाच्या आसपास त्याने विचारलं, "पण त्या दिवशी ते आधी बॅटिंगला गेले म्हणजे दमले असतील ना? मग बोलिंग कशी केली?" त्याचे काका, तेच चेष्टा करणारे, समोरच बसले होते. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

या अंकात फडकरांचं छायाचित्र द्यायचं फार मनात होतं. दोनदा प्रयत्न केला, पण आपल्या फोटोकॉपीच्या मशीनवर नुसता काळा ठिपका आला, म्हणून नाद सोडला. कुणाकडे जुन्या क्रीडा मासिकांची कात्रणं असतील, किंवा कुणाच्या आईवडिलांनी फडकरांना प्रत्यक्ष खेळताना पाहिलं असेल, तर आम्हाला जरूर कळवा. शनिवारी सकाळी आठला मैदानावर आम्ही असतोच. चहा आमच्याकडे असतो, चिवडा तेवढा आणा.